जाड सालीचं फळ

“वंदनाताई, तुमच्या रक्तात बीके व्हायरस सापडला आहे,” किडनीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “आणि क्रिएटिनिनही वाढलं आहे. दोन्ही गोष्टी एकदम आल्या, म्हणून फोनवर न सांगता बोलावून घेतलं.”

दसरा नुकताच झाला होता. मॅडमना सोनं द्यायचं म्हणून मी पर्समध्ये आपट्याची पानं घेऊन गेले होते. ती पर्समध्येच राहिली.

माझ्या पोटात भावाची किडनी बसून तेव्हा सहा महिने होत आले होते. क्रिएटिनिन हे किडनीचं प्रगतिपुस्तक. रक्तातला हा कचरा किडनी बाहेर टाकते. आकडा वाढला की समजायचं, किडनीचं काम मंदावलं. माझा आकडा एक पूर्णांक एकवर स्थिर होता. आता दीडच्या पुढे गेला होता.

मी अकोल्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली पहिली मी, आणि हे सांगताना मला आजही मान खाली घालावीशी वाटत नाही. समजलं नाही तर विचारायचं, ही सवय मी कष्टानं लावून घेतली आहे. विचारलं, “मॅडम, हा आला कुठून?”

“आला नाही. होताच. बहुतेकांच्या अंगात हा लहानपणीच शिरतो आणि मूत्रमार्गात झोपून राहतो. पहारा सैल झाला की जागा होतो. तुमचा पहारा आम्हीच गोळ्या देऊन सैल केलेला आहे.”

ज्यांच्या घरी प्रत्यारोपण व्हायचं आहे किंवा झालं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. म्हणून ही गोष्ट आधी नीट सांगते. दुसऱ्याची किडनी शरीराला परकी वाटते, मग ती सख्ख्या भावाची का असेना. शरीराची प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते. याला रिजेक्शन म्हणतात, म्हणजे शरीरानं अवयव नाकारणं. तसं होऊ नये म्हणून आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. गोळी कमी पडली तर शरीर किडनी खातं. गोळी जास्त झाली तर झोपलेले विषाणू उठतात आणि तेही किडनीच खातात. दोन्हीकडे क्रिएटिनिन वाढतं, आणि दोन्हीवरचे इलाज एकमेकांच्या उलटे. एकात गोळ्या वाढवायच्या, दुसऱ्यात कमी करायच्या. चुकीच्या बाजूला पाऊल पडलं की किडनी गेली.

माझी जाणार असेल, तर ती माझी एकटीची नव्हती.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आमचं माहेर अमरावतीजवळच्या वलगावचं. तिथे दादाचा संत्र्याचा बगीचा आहे. माझ्या किडन्या रक्तदाबानं गेल्या. पायावर सूज आली ती मी उन्हाळा, उभं राहून शिकवणं, चप्पल, अशा कशाकशाच्या नावावर टाकली. डॉक्टरकडे गेले तेव्हा उशीर झाला होता. मग अकोल्यात डायलिसिस, म्हणजे रक्त यंत्रातून फिरवून धुणं. एक वर्ष आणि वर काही महिने.

डायलिसिसवर असलेल्या माणसाला फळांची बंदी असते. फळांत पोटॅशियम असतं. निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि ते साचलं तर हृदय बंद पडू शकतं. दुसरीकडची माणसं ही बंदी कशी सोसतात मला माहीत नाही. मी संत्र्यांच्या ढिगाऱ्यात लहानाची मोठी झाले. दादा माझ्या पोरांसाठी संत्री आणायचा, पोरं सोलून खायची आणि मी साली गोळा करायच्या निमित्तानं हातांना वास लावून घ्यायची. दादानं हे एकदा पाहिलं.  पुढच्या वेळी रिकाम्या हातानं आला.

आमच्या ह्यांना साखरेचा आजार, त्यामुळे त्यांची किडनी चालणार नव्हती. दादाला कोणी विचारलंही नव्हतं. तोच एक दिवस डायलिसिसच्या खोलीबाहेर येऊन बसला आणि मी बाहेर आल्यावर म्हणाला, “मले दोन हायेत म्हणते डॉक्टर. एक घेऊन टाक.”

“दादा, हे काय संत्रं हाये का?”

“संत्रं असतं त देल्लं नसतं. तुले बंदी हाये.”

वहिनीनं चार दिवस कोणाशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी आली आणि म्हणाली, “वन्सं, कागद कुठी हाये, दाखवा. सही करतो. पण यायले काही झालं त मी तुमाले सोडणार नाई.” मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, “उठा, नाटकं नका करू.”

उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीला ऑपरेशन झालं. दादाची किडनी माझ्या पोटात गेल्या गेल्या काम करू लागली. लघवीची पिशवी भरलेली पाहून मला रडू आलं. असं रडू येतं हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल.

घरी सोडताना आहाराची माहिती देणाऱ्या बाईंनी सांगितलं, “आता फळं खायला हरकत नाही. फक्त साल काढून खायची. जाड सालीची उत्तम, आतपर्यंत जंतू जात नाहीत. कापलेलं फळ ठेवून खायचं नाही. आणि ग्रेपफ्रूट अजिबात नाही.” मी मोबाइलवर ग्रेपफ्रूटचा फोटो शोधून पाहिला. आतून गुलाबी, विलायती फळ. अकोल्याच्या बाजारात मी ते जन्मात पाहिलं नव्हतं. जे मिळतच नाही ते खायचं नाही, एवढं सोपं पथ्य मला आजवर कोणी दिलं नव्हतं.

मी दादाला फोन लावला. “दादा, फळं खाऊ शकते मी आता. जाड सालीची.”

 मग म्हणाला, “जाड म्हंजे किती जाड?”

दादाच्या अंगणात विहिरीजवळ पपनसाचं झाड आहे. तोफेच्या गोळ्याएवढी फळं, बोटभर जाडीची साल, आत गुलाबी फोडी, चव आंबट-गोड आणि मागून कडसर. गणपतीच्या सुमारास फळं उतरू लागली आणि दादानं ठरवून टाकलं. याच्यापेक्षा जाड सालीचं फळ ब्रह्मदेवानं केलेलं नाही, तेव्हा वंदीला हेच. आमच्याकडे पपनस थंड म्हणतात, लघवी साफ करतं म्हणतात. म्हणजे किडनीसाठी सोन्याहून पिवळं.

दादाची मुलगी अकोल्यात वसतिगृहात राहून शिकते. तिला भेटायला तो रविवारी येतोच. येताना तीन पपनसं आणायचा. हात धुऊन स्वतः सोलायचा, फोडींवरची पांढरी साल एक-एक काढायचा आणि ताटलीत मांडून माझ्यापुढे ठेवायचा. कापलेलं ठेवायचं नाही म्हणून एक फळ एका दिवसात संपवायचं. रविवारी एक, सोमवारी एक, मंगळवारी एक. पोरांना कडसर लागायचं. मी एक फोड सोडत नव्हते. सव्वा वर्षाची भूक होती ती.

मग दसरा झाल्यावर मॅडमनी ते नाव घेतलं. बीके.

या विषाणूला मारणारं खात्रीचं औषध नाही, असं मॅडम म्हणाल्या. इलाज एकच, गोळ्या थोड्या कमी करायच्या म्हणजे शरीराचा पहारा जागा होईल आणि तोच विषाणूला आवरेल. त्यांनी जोडीची एक गोळी निम्मी केली. टॅक्रोलिमस ही मुख्य गोळी तेवढीच ठेवली. तिची रक्तातली पातळी मोजतात. सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं असतं. मी शनिवारी जायची, कारण शनिवारी शाळा सकाळची असते आणि रजा मिळायला सोपी. पहाटेच्या गाडीनं अकोल्याहून निघायचं, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून अमरावतीचं रुग्णालय. रक्त दिल्यावर बाकावर बसून गोळी घ्यायची. पातळी दर वेळी जिथे हवी तिथेच यायची.

तरी विषाणूचा आकडा वाढत होता.

दिवाळी झाली. भाऊबीजेला मी दादाला ओवाळलं, त्यानं ओवाळणीत साडी घातली आणि वर दोन पपनसं ठेवली. त्याच आठवड्यात मॅडमनी बायॉप्सी केली. सुईनं किडनीचा दोऱ्याएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, ती बायॉप्सी. दुखत फारसं नाही, पण नंतर कित्येक तास पाठीवर न हलता पडून राहावं लागतं. छताकडे पाहत मी एकच ठरवत होते. ही किडनी मी जाऊ देणार नाही. ही मी कोणाच्या तरी घरातून उचलून आणली आहे.

निकाल आला. रिजेक्शन नव्हतं. विषाणू किडनीच्या पेशींत शिरला होता, नुकसान सुरुवातीचं होतं.

“मला एक गोष्ट जुळत नाही,” मॅडम म्हणाल्या. “गोळीची पातळी ठीक आहे, जोडीच्या गोळीचा डोस कमी केला आहे, तरी पहारा इतका ढिला कसा? मी आणखी एक तपासणी करून घेते. टॉर्क टेनो व्हायरस. आम्ही टीटीव्ही म्हणतो. नमुना बाहेरगावी पाठवावा लागेल. ही तपासणी अजून अभ्यासातली आहे, एकट्या तिच्या भरवशावर मी काही ठरवणार नाही.”

“आणखी एक विषाणू?” मी म्हटलं. “हा काय करतो?”

“काहीच करत नाही. त्याच्यामुळे कोणता आजार होतो असं आजवर दिसलेलं नाही. तुमच्या अंगात असेल, माझ्याही असेल. शरीर त्याला मारूनही टाकत नाही, वाढूही देत नाही. म्हणून तर तो कामाचा. तो किती आहे यावरून पहारा किती जागा आहे ते कळतं.”

मला हे लगेच कळलं, कारण लहानपणी मी दादासोबत ज्वारी राखायला जात असे. हुरड्यावर आलेल्या ज्वारीत पाखरं येणारच. एकही पाखरू नसेल असं शेत नाही. पण राखणदार माळ्यावर उभा राहून गोफण फिरवत असला की ती थोडी असतात, आणि तो डुलकी घेऊ लागला की थव्यानं उतरतात. बांधावरून जाणाऱ्याला राखणदार दिसला नाही तरी चालतं. पाखरं पाहिली की समजतं, गडी जागा आहे की झोपला. टीटीव्ही म्हणजे ती पाखरं. फरक इतकाच की ही पाखरं दाणा खात नाहीत.

मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. “हे मी आता सगळ्या पेशंटना सांगणार. आणि हेही सांगा तुमच्या वर्गात. गोळीची पातळी म्हणजे राखणदाराला एका सकाळी जाऊन पाहणं. पाखरं सांगतात महिनाभर तो काय करत होता.”

तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं की उत्तर याच वाक्यात होतं.

टीटीव्हीचा आकडा आला. खूप जास्त. राखणदार महिनाभर घोरत होता.

याच सुमारास दादाचीही तपासणी होती. किडनी देणाऱ्यालाही तपासणीला जावं लागतं, आणि दादा संत्र्याच्या हंगामाचं कारण सांगून टाळत होता. देणाऱ्यांची ओपीडी बुधवारी. म्हटलं, मीही रजा टाकते आणि सोबत जाते, नाहीतर हा रस्त्यातूनच परत फिरेल. त्यामुळे त्या वेळी पहिल्यांदाच मी बुधवारी रक्त दिलं.

दुपारी आम्ही दोघं मॅडमच्या खोलीत. दादाचे रिपोर्ट उत्तम. मॅडम त्याला म्हणाल्या, “सुभाषराव, तुमची एक किडनी दोन किडन्यांचं काम करते आहे.” दादा फुलला. मग त्यांनी माझा कागद उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“टॅक्रोलिमस जवळजवळ दुप्पट आहे. तुम्ही गोळी घेऊन मग रक्त दिलं का?”

“नाही. रक्त दिल्यावर घेतली.”

“विसरून दोनदा?”

“नाही.”

“ताई, माझ्याशी खरं बोला. कधीकधी भीतीपोटी पेशंट जास्त घेतात.”

मला राग आला. लपवत नाही. आयुष्यभर लोकांच्या वह्या तपासल्या, आता माझी वही लाल होत होती. मी म्हटलं, “मॅडम, मी वर्गात हजेरी घेते तशी गोळी घेते. एक इकडची तिकडे होत नाही.”

 दादाला भांडण सोसत नाही. तो खुर्चीतून पुढे झाला आणि पायाशी ठेवलेली पिशवी त्यानं टेबलावर उचलून ठेवली. आमच्याकडे डॉक्टरकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. बरं वाटलं की शेतातलं काहीतरी नेऊन द्यायचंच. कोणी तूर नेतं, कोणी वांगी.

“मॅडम, राग नोका धरू. आमची मास्तरीन हाये, घड्याळ पाहून श्वास घेते थे. गोयी चुकवनार नाई. हे घ्या तुमाले, आमच्या अंगनातले पपनस. हिले बी मी दर रविवारी तीन आनून देतो. एक फोड वाया जाऊ देत नाई.”

मॅडमनी एक पपनस दोन्ही हातांत घेतलं. आभार मानायला तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या.

“या हे खातात? कधीपासून?”

“गनपतीपासून.”

“कोणत्या दिवशी?”

“रविवार, सोमवार, मंगयवार. रोजचं एक.”

“आणि रक्त द्यायला येतात शनिवारी,” मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी फळ हळूच टेबलावर ठेवलं. “आज बुधवार.”

मग त्यांनी समजावलं. आपल्या आतड्यात आणि यकृतात या गोळीची विल्हेवाट लावणारे कामगार असतात. ग्रेपफ्रूट त्या कामगारांना सुट्टी देतं. गोळी तेवढीच घेतली तरी रक्तात ती साचत जाते. परिणाम दोन-तीन दिवस टिकतो, मग कामगार परत कामावर. मी मंगळवारी शेवटचं फळ खायची. शनिवारी रक्त देईपर्यंत सगळं जाग्यावर आलेलं असायचं. आठवड्यातले चार-पाच दिवस माझ्या अंगात जवळजवळ दुप्पट औषध होतं आणि आम्ही मोजत होतो तो उरलेल्यांतला एक दिवस.

“पण मॅडम, हे ग्रेपफ्रूट नाही,” मी म्हटलं. “मी फोटो पाहिला होता.”

“पपनस हा ग्रेपफ्रूटचा बाप आहे, ताई. पोराचे गुण बापाकडूनच आलेत.” मग त्या म्हणाल्या, “चूक आमचीही आहे. आम्ही परदेशातल्या फळाचं नाव सांगून मोकळे झालो. तुमच्या अंगणात काय आहे ते कोणी विचारलं नाही.”

दादा टेबलावरच्या फळाकडे पाहत होता. “म्हंजे इखच ना थे?”

“विष नाही. तुम्ही खा, वहिनींना द्या, काही होत नाही. मीही खाईन. फक्त या गोळ्या घेणाऱ्यानं खायचं नाही.”

“संत्रं?” मी विचारलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

“आपलं नेहमीचं संत्रं चालतं. सोलून, बेतानं खा.”

खाली कँटीनमध्ये दादानं चहाला हात लावला नाही. चहावर साय धरली. मग म्हणाला, “म्याच देल्ली अन् म्याच सडवून राह्यलो होतो, वंदे.”

“तू फळ आनलं. तोंडात म्या टाकलं. आता त्याचा सातबारा नको काढू, कोनाच्या नावावर हाये म्हनून.”

“कडू लागे तुले?”

“लागे.”

“मंग काहून खात होती?”

“तू सोलत होता म्हणून.”

त्यानं तोंड फिरवलं. बाजूच्या टेबलावरचा एक माणूस आमच्याकडे पाहत होता. दादा त्याला म्हणाला, “काय पाह्यता भाऊ, किडनीवाले हावो आमी.” मग थंडगार चहा एका घोटात प्यायला.

पपनस बंद झालं म्हणजे सगळं सुटलं, असं झालं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे कारण सापडलं की लोक पेढे वाटतात. फळ थांबल्यावर औषध एकदम उतरलं, आणि जोडीची गोळी तर आधीच कमी केलेली. आता भीती उलट्या बाजूची होती. झोपलेला राखणदार दचकून उठतो तेव्हा समोर दिसेल त्याच्यावर गोफण चालवतो. घरच्या माणसावरही. शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून मॅडमनी डोस पुन्हा जुळवला, थोडा वर, थोडा खाली, आठवड्याला रक्त. आता वार बदलून. कधी सोमवार, कधी गुरुवार. मुख्याध्यापकांना मी सरळ सांगितलं, “सर, माझी रजा संपली तर बिनपगारी टाका, पण मला अडवू नका.” त्यांनी अडवलं नाही.

ते महिने मी वाट पाहण्यात घालवले. प्रतीक्षागृहातली माणसं ओळखीची झाली. चांदूर रेल्वेचे एक काका होते, त्यांच्या बायकोची किडनी त्यांना बसवली होती. ते दर वेळी नवी अफवा आणायचे. शेजारच्या काकू तर गुळवेलीचा काढा घेऊन घरी आल्या.

“घे पोरी, प्रतिकारशक्ती वाढते यानं.”

“काकू, माझी वाढवायची नाही. दाबून ठेवायची आहे.”

“अवो माय! असं कुठी असते का?”

“माझ्याकडे असते.”

काकू रुसल्या. रुसू दे. चांगल्या मनानं दिलेली वस्तू नाकारता येत नाही, हा आपला फार जुना आजार आहे. मी त्यातून उठले.

बीकेचा आकडा आधी थांबला. मग हळू उतरू लागला. टीटीव्हीचाही उतरला. माझी गंमत अशी झाली की या बिनकामाच्या विषाणूसाठी काय मागावं हेच कळेना. तो खूप राहिला तर पहारा झोपलेला, अगदी नाहीसा झाला तर पहारा अंगावर येणारा. मी देवापुढे हात जोडून म्हणायची, थोडा राहू दे. असलं मागणं त्यानंही पहिल्यांदाच ऐकलं असेल.

होळीच्या सुमारास मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला. “बीके रक्तात सापडत नाही. टीटीव्ही मधोमध. क्रिएटिनिन एक पूर्णांक चार.”

“एक पूर्णांक एक नाही होणार?”

“नाही. थोडा व्रण राहिला आहे, तो जाणार नाही. पण सांभाळलंत तर ही किडनी बरीच वर्षं चालेल.”

मी पर्समधून आपट्याची पानं काढली. दसऱ्यापासून त्याच कप्प्यात होती, वाळून कुरकुरीत झालेली. मॅडमच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, “उशीर झाला, पण सोनंच आहे.”

तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर माझं एकच सांगणं. डॉक्टरांना फक्त गोळ्यांचा हिशेब देऊ नका. अंगणात काय पिकतं, पाहुणे काय आणतात, कोणत्या वारी काय खाता, सगळं सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. आणि पातळी ठीक असूनही विषाणू वाढत असेल तर तुमच्यावर शंका घेतली म्हणून रागावण्याऐवजी रक्त द्यायचा वार बदलून पाहा म्हणावं. मी शिकलेली आहे, मला सगळं समजतं, असं मला वाटत होतं. शिक्षणानं मला प्रश्न विचारायला शिकवलं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी इथे शिकले.

दादा त्या बुधवारीच झाड तोडायला निघाला होता. वहिनीनं मला फोन लावला, “वन्सं, यायनं कुराड काढली, तुमीच बोला.” मी म्हटलं, “दादा, झाडाची काय चूक? माझ्यासाठी काही तोडायचं नाही. एकदा कापलं तेवढं पुरे.” त्यानं कुऱ्हाड ठेवली, पण धुसफुसत राहिला.

संत्र्याचं झाड बीपासून लावत नाहीत हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत असतं. खालचा खुंट जंबेरी लिंबाचा असतो आणि त्यावर संत्र्याचा डोळा भरतात. सालीत चीर देऊन दुसऱ्या झाडाची कळी बसवायची आणि पट्टीनं बांधायची. खालचं झाड वरच्याला आपलं समजून पोसतं. होळी झाल्यावर दादानं पपनसाच्या फांद्या छाटल्या. पावसाळ्यात नवे फुटवे आले. ते बोटाएवढे झाल्यावर या हिवाळ्यात त्यांच्यावर त्यानं संत्र्याचे डोळे भरले.

परवा मी वलगावला गेले होते. सकाळची वेळ. दादानं मला विहिरीजवळ नेलं. बरेच डोळे वाळून गेले होते, पण तीन फांद्यांवर पट्टीच्या वर हिरवं टोक निघालं होतं. जाड, गडद पानांच्या त्या झाडावर संत्र्याची कोवळी, बारीक पानं.

“फळ कधी?” मी विचारलं.

“तीन-चार वर्सं. थांबशीन ना?”

“थांबते. जायचं कुठं आहे?”

मी त्या पट्टीवरून हात फिरवला आणि म्हटलं, “याले बरं जमते रे. परका डोया बसवला अन् घेऊन टाकला. ना रिजेक्शन, ना विषाणू मोजनं.”

तेवढ्यात माझ्या पर्समधल्या मोबाइलवर गोळीचा गजर वाजू लागला. नऊ.

“झाडाले गोया लागत नाई, वंदे,” दादा म्हणाला आणि विहिरीवरून पाण्याचा तांब्या भरायला वळला, मग काहीतरी आठवून तांब्या खाली ठेवला. “तुले लागते. अन् विहिरीचं पानी तुले चालत नाई. तुयी उकयलेल्या पान्याची बाटली काढ, उशीर नको करू.”